कोरड्यास कोण रांधतं?

(नांदेडला तरुणांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण)



माझ्या आधी तिघं बोलले. राज्यसत्ता झाली, अर्थसत्ता झाली, धर्मसत्ता झाली. मी चुलीवर बोलणार आहे. हसा, हसून घ्या. पण ज्या सत्तेपुढं तुम्ही दिवसातून दोनदा ताट धरता, तिच्यावर आजवर एक तरी ठराव केलाय का?

आपल्याकडं भाकरीबरोबर जे खातात त्याला कोरड्यास म्हणतात. शहरात आल्यावर पोरं हा शब्द गिळून टाकतात. मेसमध्ये भाजी म्हणतात, हॉटेलात सब्जी म्हणतात. काहून? कोरड्यास म्हटलं की गाव कळतं, गाव कळलं की वस्ती विचारतात. जात अशी एका शब्दावरून माग काढत येते. छापील पाककृतीच्या पुस्तकांना आपल्या चुलीचं कधी सोयरसुतक नव्हतं. २०१५ साली शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं खाणं कागदावर आणलं. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांना उत्तर त्या नावातच आहे. ज्याचं पोट कधी पूर्ण भरलं नाही, त्याचं ब्रह्म पूर्ण कसं असणार?

आता वह्या काढा. अंबाडीचं कोरड्यास सांगते, चार माणसांचं.

अंबाडीची एक मोठी जुडी घ्या. पानं खुडा, जाड दांडे टाका. दोन-तीन पाण्यानं धुवा, नाहीतर माती दाताखाली येते. भरपूर पाण्यात उकळा. पानाचा हिरवा रंग काळपट झाला की उतरवा, पाणी काढून टाका, पाला पिळून घ्या. हे पाणी टाकलं नाही तर दात आंबतात. दुसऱ्या भांड्यात मूठभर तुरीची डाळ आन् मूठभर ज्वारीच्या कण्या शिजवा, दोन्ही आधी अर्धा तास भिजवलेल्या. मऊ झाल्या की त्यात अंबाडी घालून पळीच्या पाठीनं घोटा. हळद, मीठ, हिरव्या मिरचीचा ठेचा टाका. घट्ट पाहिजे तर घट्ट ठेवा. पाहुणे आले तर पाणी वाढवा, ही वस्तीतली जुनी रीत. शेवटी पळीत तेल तापवा, जिरं, आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण. लसूण लाल झाला की फोडणी वरून ओता. तासाभराचं काम. याला कुठली डिग्री लागत नाही.

आता ह्या पाल्याचा इतिहास बघा. अंबाडी शेताच्या कडेनं, ज्वारीच्या पिकात लावायची चाल. पाला चुलीवर जायचा आन् सालीच्या वाखाचे दोर वळायचे. दोर वळायचं काम गावगाड्यानं मांगाच्या माथी मारलेलं. बैल पाटलाचा, मोट पाटलाची, विहीर पाटलाची. दोर आमचा, पण त्या दोरानं वर आलेल्या पाण्याला आमचा हात लागला तर पाणी बाटायचं! बदल्यात काय, तर खळ्यावरचं बलुतं आन् बांधावरचा पाला.

आज तो पालाही जातोय. लातूरच्या शिवारात ज्वारी मागं हटली, सोयाबीन आलं. तणनाशक मारलं की घोळ, तरोटा, पाथरी सगळंच जळतं. जमीनवाल्याच्या लेखी ते तण. भूमिहीन मजूर बाईच्या लेखी ती फुकटची भाजी, खुरपून येताना ओच्यात बांधून आणलेली. तिचं संध्याकाळचं कोरड्यास गेलं, ह्याची नोंद कुठल्या बाजारभावात होत नाही.

आन् पाणी? ह्या एका जुडीला घागरभर पाणी लागतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पेपरात गाडीचे फोटो आले. टँकरच्या रांगेत दिवस घालवलेल्या बाईनं रात्री काय रांधलं, हे कुणी विचारलं का? तीन पाण्यानं पाला धुणं ही तिला चैन होती.

तुम्ही म्हणाल, ताई, भाजीत जात कुठून आणता? मी आणत नाही. ती भांड्यातच बसलेली आहे. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं बाबासाहेबांचं भाषण होऊ दिलं नाही. त्या भाषणात चकवारा गावची हकिकत आहे, जयपूर संस्थानातली. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्यानं जातभाईंना जेवण दिलं. पंगतीत तूप वाढलं. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना झोडपलं. तूप त्यांचं नव्हतं, पैसा त्यांचा नव्हता. गुन्हा एवढाच, की अस्पृश्यानं तूप खाल्लं.

जुनी गोष्ट म्हणता? २०१७ साली पुण्यात हवामान खात्यातल्या एका शास्त्रज्ञ बाईनं पोलिसात तक्रार दिली. स्वयंपाकिणीनं जात लपवली, सोवळं मोडलं! ती स्वयंपाकीण दलितही नव्हती, मराठा होती. बोंबाबोंब झाल्यावर तक्रार मागं घेतली. ढगाचं विज्ञान कळतं, पण माणसाच्या हाताचा विटाळ सुटत नाही. नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी त्याच भाषणात सांगून ठेवलंय. एका दिवसाच्या पंगतीला मांडीला मांडी लावून बसणं सोपं आहे. रोजच्या चुलीवर कुणाचा हात चालतो, तिथं परीक्षा आहे. म्हणून तर ते आंतरजातीय लग्नापर्यंत जातात.

तुमच्यातले कितीजण लातुरात शिकवणीसाठी खोली करून राहतात? मीही एकदा तिथं खोली बघायला गेले होते. घरमालकिणीनं आडनाव विचारलं नाही. 'स्वयंपाकात काय काय करता?' एवढंच विचारलं आन् खोली दिली नाही. आता वासावरून आडनाव ओळखतात. अशा शहरात स्वतःची चूल असणं ही साधी गोष्ट नाही. मेसचे पैसे थकले की पोरगं गावाकडं निघतं आन् शिक्षण तिथंच थांबतं. ज्याला कण्या आन् पाला शिजवता येतो, तो महिनाभर जास्त टिकतो.

आता घरातलं बोलू. इथं जरा खाली बघाल.

२७ जुलै १९७८ ला नामांतराचा ठराव झाला आन् मराठवाडा पेटवला. ह्याच नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे शहीद झाले. वस्त्या जळाल्या. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत जवळजवळ सोळा वर्षं लढा चालला. पुढाऱ्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत. जळालेल्या घरापुढं दुसऱ्या दिवशी तीन दगड मांडून चूल कुणी पेटवली? मोर्चाच्या भाकरी कुणी थापल्या? उर्मिला पवार आन् मीनाक्षी मून यांना १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' असं पुस्तकच लिहावं लागलं. त्यातला 'ही' नीट वाचा. तो आपल्याच माणसांना ऐकवलेला आहे.

२५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली. आन् आपण? भिंतीवर बाबासाहेब, तोंडात समता, आन् आतल्या खोलीत मायला हाक, 'वाढ गं!' ती खुरपून आलेली, तू घोषणा देऊन आलेला. दोघंही दमलेले. मग चुलीपुढं तीच कशी? बामणाला सोवळं सोड म्हणायचा अधिकार त्यालाच आहे, ज्यानं स्वतःच्या घरात हातात पळी धरली.

म्हणून माझे दोन ठराव. भाषण विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. एक, आजपासून शिबिराचा स्वयंपाक पाळीनं. पोरांची पाळी पहिली, आन् ती आज रात्रीचीच. पोरी पुढच्या सत्रात बोलतील आन् पोरं कांदा चिरता चिरता ऐकतील. दोन, घरी गेल्यावर आठवड्यातले तीन दिवस कोरड्यास तुमच्या हातचं. पहिल्यांदा खारट होईल, करपेल. खा गुमान.

अंबाडीचं बी मी पिशवीत आणलंय. जाताना मूठभर घेऊन जा. पाऊस पडला की अंगणात, परसात, नालीच्या कडेला, जागा मिळेल तिथं टाका. त्याला पाटलाचा बांध लागत नाही.

जय भीम.