फोनवरचे दुकान आणि बांधावरची सावड

(छत्रपती संभाजीनगर येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



वेचणीची घाई टाकून तुम्ही कन्नड, सिल्लोड, पैठण, वैजापूरपासून इथे आलात. तेव्हा ऐकायला गोड लागेल असे काही बोलण्यापेक्षा कामाचे बोलावे, असे आम्ही ठरवले आहे. विषय नवा वाटेल: फोनवरून, म्हणजे आजच्या भाषेत ऑनलाईन, आपला माल विकण्याचा छोटा धंदा कसा वाढवायचा, आणि तोही खिशात पैसा नसताना. आम्ही कृषी विद्यापीठात शिकलो तेव्हा ज्वारी कशी पिकवायची ते शिकवले. ती कोणाला विकायची, हा प्रश्न चार वर्षांत एकाही परीक्षेत आला नाही. तो प्रश्न पुढे तुम्ही विचारलात.

आधी आमची चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपली फजिती सांगावी. टाळेबंदीनंतरच्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या एका गावात अकरा घरांचा गट केला. ज्वारीचे पीठ, भरडा, पापड असा माल. प्रत्येक घराने साडेपाच हजार घातले. साठ हजार रुपये घेऊन शहरातल्या एका माणसाने आम्हाला झकास वेबसाईट करून दिली. त्यावर हिरव्यागार शेताचे चित्र. आमच्या शिवारात तेवढे हिरवे कधी नसते, ती गोष्ट वेगळी.

आठ महिन्यांत चौदा मागण्या आल्या. गटात एक विधवा ताई होत्या. त्यांनी शेळी विकून आपला हिस्सा भरला होता. त्या दर आठवड्याला विचारायच्या, "भाऊ, त्या दुकानात गिऱ्हाईक कधी येतं?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. बैठकीला त्यांच्यासमोर बसायचीही लाज वाटायची.

शेवटी त्या चौदा मागण्यांची यादी काढून बसलो. त्यातल्या नऊ आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांच्या होत्या: कोणाची पुण्याला दिलेली लेक, कोणाचा वाळूजच्या कारखान्यातला भाचा. बाकी पाच अनोळखी. अनोळखी पाचांपैकी एकानेही पुन्हा माल मागवला नाही. नवांपैकी सातांनी पुन्हा मागवला आणि त्यातल्या चौघांनी शेजाऱ्यासाठीही मागवला. म्हणजे धंदा होता. तो वेबसाईटवर नव्हता, ओळखीत होता. साठ हजार आम्ही पाटी रंगवायला घातले आणि रस्ता बांधायचा राहून गेला.

एकट्याचा हिशेब आणि सगळ्यांचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. मालदांडी ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. तो हातात पडतो की नाही ते तुम्ही जाणता. हिशेबापुरता तोच धरू. क्विंटलचे पीठ केले, तूट जाऊन ९७ किलो उरले, ते ६० रुपयांनी विकले तर ५,८२० रुपये होतात. ज्वारीची किंमत वजा करा, २,०७१ राहिले. निवडणे, दळणे, पिशवी यांचे क्विंटलमागे ७०० धरले तर उरले १,३७१.

वाहतूक अजून बाकी आहे. शहरात टेम्पो न्यायचा तर भाडे २,५०० रुपये धरा. एका घराचे दोन क्विंटल पीठ नेले तर क्विंटलवर १,२५० भाडे बसते. हातात राहिले १२१ रुपये. एवढ्यासाठी कोण घरदार पिठात बुडवील? त्याच टेम्पोत सात-आठ घरांचे पंधरा क्विंटल नेले तर भाडे १६७ वर येते आणि हातात राहतात १,२०४ रुपये. ज्वारी तीच, गिरणी तीच, टेम्पोही तोच. फरक फक्त टेम्पोत किती जण बसले याचा.

हे आकडे हिशेबापुरते आहेत. तुमच्या गावचा दळणाचा दर आणि भाडे घालून घरी पुन्हा मांडा. उत्तर बदलेल, पण निष्कर्ष बदलणार नाही.

याला सावड म्हणतात

शहरातले व्यवस्थापनवाले या गोष्टीला मोठमोठी इंग्रजी नावे देतात आणि ती शिकवायला फी घेतात. आपल्याकडे याला सावड म्हणतात. एकाचा एकच बैल असला तर शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी लावून दोघांची पेरणी उरकते. इर्जिकीला सगळा गाव एकाच्या रानात उतरतो, उद्या दुसऱ्याच्या. आपण पेरणीला सावड केली, काढणीला सावड केली. बाजारात मात्र प्रत्येक जण एकटा गेला आणि एकटाच लुबाडला गेला.

बाजारातली सावड आपल्या राज्यात झालीच नाही, असे नाही. १९९१ साली द्राक्षबागायतदारांच्या सहकारी संस्थांनी भागीदारी करून महाग्रेप्स उभी केली आणि परदेशात एका नावाने द्राक्षे पाठवली. २०११ साली नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी सुरू झाली. २०२० च्या टाळेबंदीत शहरातल्या मंडया बंद पडल्या, तेव्हा सह्याद्रीने आणि राज्यातल्या अनेक लहान गटांनी फोनवर मागणी घेऊन मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या दारात भाजी पोचवली. सोसायटीतला एक माणूस सगळ्यांची मागणी गोळा करी आणि गाडी एकदाच येई. तीही सावडच.

तुम्ही म्हणाल, ते द्राक्षवाले, पाणीवाले. आम्ही कोरडवाहू, आमच्याकडे काय आहे? बरोबर आहे. पण द्राक्ष चार दिवसांत सडते, ज्वारी वर्षभर टिकते. घाई द्राक्षवाल्याला आहे, आपल्याला नाही. आणि मधुमेहाच्या भीतीने का होईना, शहरातला माणूस पुन्हा भाकरीकडे वळला आहे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्याचा फायदा पाकीट करणाऱ्या कंपन्यांनी घ्यायचा की ज्वारी पिकवणाऱ्यांनी, एवढेच ठरायचे आहे.

भागीदार कोठे आहेत?

भागीदार म्हटले की आपण मोठ्या शेटजीकडे पाहतो. आपले भागीदार आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

पहिला भागीदार हुरड्याच्या शेतावाला. थंडी पडली की दौलताबाद, खुलताबाद, वेरूळच्या बाजूला हुरडा खायला गाड्या लागतात. बुकिंग फोनवर होते. त्या शेतावर आलेला माणूस मातीत बसून आगटीतला हुरडा खातो, तेव्हा त्याचा आपल्या मालावर विश्वास बसलेला असतो. हुरडा दोन-अडीच महिन्यांत संपतो. पीठ, भरडा, डाळ वर्षभर चालते. हुरडेवाल्याने निघताना गिऱ्हाइकाला विचारून फोन नंबर लिहून घ्यावा, गटाने त्याला प्रत्येक मागणीमागे ठरलेला वाटा द्यावा. जाहिरातीला एक रुपया लागत नाही.

दुसरा भागीदार बचत गट. कन्नड-सोयगावच्या मायबहिणींसारख्या बिबड्या कोणत्या कारखान्यात होतात? एका गटाचे पापड, दुसऱ्याची डाळ, तिसऱ्याचे पीठ अशी एकच यादी केली तर गिऱ्हाईक एकाच वेळी पाचशे-सातशेचा माल घेते आणि पोचवण्याचा खर्च सगळ्यांत वाटला जातो.

तिसरा भागीदार गावातून शहरात गेलेला माणूस. गारखेड्यात, सिडकोत, वाळूजला, पुण्याला आपलीच माणसे आहेत. त्यांना वर्गणी मागायला आपण जत्रेच्या वेळी जातो. आता माल घेऊन जाऊ. एका इमारतीतला एक माणूस दहा घरांची मागणी गोळा करत असेल तर त्याच्या घरचे पीठ फुकट द्या.

चौथा भागीदार गिरणीवाला. ज्वारीचे पीठ जुने झाले की भाकरी थापताना तुटते, चवही कडवट होते. म्हणून साठा करून चालत नाही. मागणी आली की दळायचे. शनिवारी मागणी, सोमवारी दळण, मंगळवारी गाडी, असा वार बांधून घ्या. ताजेपणा हाच आपला मोठ्या कंपनीवरचा वरचष्मा आहे. तो तिला पैशाने विकत घेता येत नाही.

कापसाचे काय?

कापूस व्हॉट्सअॅपवर विकता येत नाही, हे आम्हाला कळते. पण फोन कापसाच्याही आड आला आहे. २०२५ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने खरेदीसाठी कपास किसान या अॅपवर नोंदणी लावली. ज्याच्या घरात जाणता पोरगा नाही त्याने काय करायचे? इथेही सावड हवी: प्रत्येक गावात दोन मुलांनी सगळ्यांची नोंदणी करून द्यावी, फुकट.

दुसरे, एका गावाने एकच वाण लावून स्वच्छ वेचलेला कापूस गाडीभर एकत्र नेला तर जिनिंगवाल्याला रुईचा उतारा विचारण्याची ताकद येते. गाठ १७० किलो रुईची. आपल्या किती कापसात ती झाली, हे ज्याला माहीत आहे तोच भाव मागू शकतो. दहा पोती एकटी नेणाऱ्याला उतारा कोणी सांगत नाही.

कायदा आणि योजना

२००२ च्या कायदा-दुरुस्तीने उत्पादक कंपनीची सोय झाली. दहा शेतकरी मिळून कंपनी काढू शकतात. भाग कितीही असोत, मत माणशी एक. २०२० साली केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दहा हजारावी जाहीरही केली. आमचा अनुभव विचाराल तर अनुदानासाठी काढलेली कंपनी अनुदान संपले की संपते. आधी एक वर्ष माल विका, हिशेब ठेवा, भांडून पाहा. एकत्र टिकलात तर मग कंपनी काढा. लग्नाआधी मांडवाचे कर्ज काढू नये.

इ-बाजारांचेही तसेच. २०२१ च्या शेवटी ओएनडीसी नावाचे खुले जाळे सरकारने उभे केले. त्यावर अनेक शेतकरी कंपन्यांनी नाव नोंदवले. नाव नोंदवणे म्हणजे विक्री नव्हे. बाजार समितीत उभे राहिले म्हणून माल खपत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटीच्या मर्यादेखालच्या लहान विक्रेत्याला, पोर्टलवर नाव नोंदवून क्रमांक घेतला की, पूर्ण जीएसटी नोंदणी न करता राज्याच्या आत इ-बाजारावर माल विकता येतो. राज्याबाहेर पाठवायचे तर नोंदणी लागते. म्हणून आधी महाराष्ट्र पुरे. मुंबई-पुणे-नागपूर आपल्याला कमी पडणार आहे काय? खाण्याचा माल विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र लहान गटानेही करावी. त्यात टाळाटाळ नको.

पाच नेम

एक, गिऱ्हाइकांची यादी गटाची, एकट्याची नाही. ती वहीत लिहा, फोन हरवतो.

दोन, माल एकाच प्रतीचा. एकाने खडे घातले तर अकरा घरांचे नाव जाते. खडे सापडले की पैसे परत, आणि ते ज्याचे पोते त्याच्याकडून.

तीन, आठवड्याच्या आत प्रत्येकाचे पैसे चुकते. सावड फुटते ती पैशाच्या उशिराने.

चार, वाटे आधी कागदावर. कोणाचा माल, कोणाचे श्रम, कोणाची गाडी, कोणाला किती, हे चार ओळींत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. भाऊबंदकीत आपण हे शिकलो आहोतच.

पाच, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. फोनवर कोणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणाला तर तो चोर आहे असे समजून फोन ठेवा. ही गोष्ट घरातल्या म्हाताऱ्यांना आज रात्रीच सांगा.

शेवटी

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी माजघर शेती आणि व्यापार शेती हे शब्द आपल्यापुढे ठेवले होते. तेव्हा गावात टेलिफोन मिळायला वर्षे लागत. आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे आणि समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून मुंबईला जातो. आता सबब उरली ती फक्त एकमेकांवरच्या अविश्वासाची. भाव मागण्याचे आंदोलन सोडा, असे आम्ही म्हणत नाही. रस्त्यावरही उतरू. पण रस्त्यावरून घरी आल्यावर चूल पेटली पाहिजे.

त्या अकरा घरांचे काय झाले, हे सांगून संपवतो. वेबसाईट बंद केली. त्या नऊ सोयऱ्यांच्या यादीपासून पुन्हा सुरुवात केली. दोघे कंटाळून सोडून गेले, नऊ घरे टिकली. गेल्या दिवाळीला त्या ताईंचे साडेपाच हजार फिटले. नफा म्हणावा असा अजून हाती नाही. खोटे कशाला सांगू? पण आता त्या विचारतात, "भाऊ, या मंगळवारी किती पोती?"

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर गावातून बाहेर गेलेल्या पन्नास घरांची नावे आणि त्यांच्या संमतीने फोन नंबर. भांडवल म्हणून एवढे पुरे. तो कागद घेऊनच पुढच्या वेळी बोलू.