दर्शन पंगतीत होतं

(तिरुवैयारु इथे तरुण ख्रिस्ती कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. मूळ भाषण मराठीत झालं. सोबत तमिळ अनुवाद चालू होता.)

 

मी मराठीत बोलतोय आणि तुमच्यापर्यंत ते तमिळमधून पोचतंय. तुमच्या जिल्ह्याला मराठी नवी नाही. १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले तंजावरच्या गादीवर बसले आणि १८५५पर्यंत ती गादी त्यांच्या घराण्यात राहिली. मोठ्या देवळाच्या भिंतीवर १८०३ सालचा भोसल्यांचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. आमच्याकडची माणसं तो बघायला येतात आणि मराठी झेंडा इथवर आला म्हणून छाती फुगवून परत जातात. त्याच मराठा राजाच्या फौजेत एक परैयर शिपाई होता. त्याचं नाव त्यातल्या कुणाला ठाऊक नसतं. आज मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे, कारण मला दिलेला विषय त्याच्या आयुष्यातूनच नीट कळतो.

विषय आहे ‘ख्रिस्ती जीवनात दृष्टी आणि ध्येय’. या विषयावर आपण पुष्कळ ऐकलंय. डोळे मिटा, देवाची तुमच्यासाठी काय योजना आहे ते विचारा. मग नोकरी, लग्न, व्हिसा, सेवा यांची यादी होते. मंडळीचंही ‘व्हिजन’ असतं: नवा हॉल, मोठे स्पीकर, पाच वर्षांत सभासद दुप्पट. आमच्या भागातल्या एका मंडळीत असा फलक भिंतीवर लावलाय. त्याच मंडळीत मांगवाड्यातली कुटुंबं गेली कित्येक वर्षं शेवटच्या दोन बाकांवर बसतात. फलक सगळ्यांना वाचता येतो. बाकांबद्दल मात्र कुणी काही बोलत नाही.

म्हणून मी ध्येयाचा विचार दुसऱ्या टोकाकडून करतो. या देशात माणसाला स्वतःचं ध्येय शोधावं लागत नाही, ते त्याला आधीच दिलेलं असतं. तुझ्या बापाने मेलेलं ढोर ओढलं, तू ओढ. तुझ्या आईने गटार साफ केलं, तू कर. जात म्हणजे जन्माआधीच ठरवून ठेवलेलं ध्येय. ज्याच्यावर ते लादलंय त्याच्यासाठी ध्येय शोधण्याची पहिली पायरी एकच असते: दिलेलं ध्येय नाकारणं. जी मंडळी हे नाकारायला बळ देत नाही, तिने कितीही शिबिरं घेतली तरी ती कुणाला ध्येय देऊ शकत नाही.

आता त्या शिपायाकडे येतो. त्याचं नाव राजनायक्कन. जन्म १७००च्या आसपासचा, घराणं आधीपासूनच कॅथलिक. १७०६ मध्ये तरंगमबाडीला त्सीगेनबाल्ग उतरले. त्यांनी नव्या कराराचं तमिळ भाषांतर करून काही वर्षांत ते छापलं. त्यातला शुभवर्तमानाचा भाग या शिपायाच्या हाती पडला. त्याने तो स्वतः वाचला. ज्याला अक्षरापासून दूर ठेवायचं असा नियम होता, त्याने वाचलं, हे विसरू नका. १७२०च्या दशकाच्या शेवटी तो तरंगमबाडीच्या लुथरन मिशनमध्ये आला. फौज सोडून उपदेशक झाला. पुढची चाळीसेक वर्षं, १७७१ मध्ये मरेपर्यंत, त्याने तंजावरच्या राज्यात गावोगाव फिरून काम केलं. राजाने त्याच्या हातात भाला दिला होता. तो खाली ठेवून त्याने स्वतःचं ध्येय स्वतः निवडलं. विषयपत्रिकेवरचा ‘ध्येय’ हा शब्द मला इथे खरा वाटतो.

पण पुढे काय झालं? १७३३ मध्ये आरोन यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. ते वेल्लाळ होते. नंतर आणखी एक भारतीय पाळक हवा होता, तेव्हा राजनायक्कनचं नाव निघालं. त्याच्या कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. अडचण अशी काढली गेली की परैयराच्या हातून वेल्लाळ ख्रिस्ती प्रभुभोजन घेणार नाहीत. १७४१ मध्ये दीक्षा मिळाली ती दिओगो यांना. राजनायक्कन शेवटपर्यंत उपदेशकच राहिला. गावं तुडवायला त्याचे पाय चालले, भाकर मोडायला त्याचे हात चालले नाहीत.

देवाने त्याला बोलावलं की नाही, हा प्रश्न तिथे नव्हताच. त्याच्या हातचं कोण खाईल, एवढाच प्रश्न होता.

शंभर वर्षांनी तोच वाद याच जिल्ह्यात पुन्हा उभा राहिला. तंजावरचे वेदनायगम शास्त्रियार मोठे कवी. त्यांची गाणी तुम्ही आजही गाता. ते श्वार्ट्झ यांच्या हाताखाली वाढले. १८२०च्या दशकात आलेल्या नव्या मिशनऱ्यांनी सांगितलं की सगळ्यांनी एकत्र बसायचं, जातीप्रमाणे वेगळं बसायचं नाही. शास्त्रियार विरोधात उभे राहिले आणि १८२९ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध लेखन केलं. आपलं संगीत, आपल्या फुलमाळा, आपले रिवाज परक्यांनी का हिसकावावेत, हा त्यांचा राग मला समजतो. गोऱ्या मिशनऱ्याचा ताठाही मला कळतो. पण संस्कृती वाचवायची म्हणून जी यादी त्यांनी केली, तिच्यात वीणा होती आणि वेगळी बैठकही होती. संस्कृतीच्या गाठोड्यात जात अशीच बांधून येते. गाठोडं सोडून एकेक वस्तू बाहेर काढून बघावी लागते.

१८३३ मध्ये बिशप डॅनियल विल्सन यांनी कडक आदेश काढला: चर्चमध्ये जात ताबडतोब आणि कायमची संपली पाहिजे. मद्रासमध्ये आणि इथे तंजावरमध्ये पुष्कळ वेल्लाळ ख्रिस्ती चर्च सोडून गेले. ख्रिस्त सोडायला ते तयार नव्हते, जात सोडायलाही नव्हते. मग त्यांनी तिसरा मार्ग काढला: दुसरं मिशन गाठलं. जिथे थोडं सांभाळून घेतात तिथे गेले. तेव्हापासून आजपर्यंत अनेक चर्च ‘सांभाळून घेण्या’तच आपली एकी शोधत आले आहेत.

शास्त्रात याचं उत्तर नाही असं कुणी म्हणू नये. अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट आठवा. दोन शिष्य कोसभर येशूबरोबर चालले, त्याच्याकडून सगळं शास्त्र ऐकलं, तरी त्याला ओळखलं नाही. डोळे उघडले ते जेवायला बसल्यावर, त्याने भाकर मोडली तेव्हा. दर्शन उपदेशात झालं नाही, पंगतीत झालं. आणि अंत्युखियात पेत्र परजातीयांच्या पंगतीतून हळूच उठून वेगळा बसायला लागला, तेव्हा पौलाने सगळ्यांसमोर त्याला धारेवर धरलं. एकोप्यासाठी गप्प बसू या, असं पौल म्हणाला नाही. पंगत मोडली म्हणजे शुभवर्तमान मोडलं, असं त्याने मानलं. आमच्या मराठीत ‘पंगतीभेद’ असा एक शब्दच आहे. पौलाचा तो सगळा अध्याय त्या एका शब्दात येतो.

आमच्याकडे सगळं ठीक आहे असं सांगायला मी आलेलो नाही. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून. तिथून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघालं. १८५५ मध्ये याच ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापून आला. ती पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिताना तिने थेट देवालाच विचारलं की आमचा धर्म कोणता ते तरी कळू दे. चौदा वर्षांच्या पोरीने विचारलेला तो प्रश्न म्हणजे दृष्टी. पुढे नगर जिल्ह्यात हजारो महार-मांग ख्रिस्ती झाले, शिकले, शिक्षक झाले, परिचारिका झाल्या. तरी आजही सोयरीक जमवताना ‘आपल्यातलेच ना?’ हा प्रश्न विचारला जातो. ‘आपल्यातले’ म्हणजे ख्रिस्ती नव्हे. काय ते सगळ्यांना माहीत असतं.

बाबासाहेबांनी हे नेमकं ओळखलं होतं. १९३८ मध्ये सोलापुरात ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना त्यांनी ख्रिस्ताबद्दल आदर सांगितला आणि लगेच सुनावलं की दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते, आणि ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढायला पुढे येत नाही. आपण पहिला भाग फ्रेम करून लावतो. दुसरा भाग वाचायची हिंमत झाली, तर त्याच्याइतकं स्पष्ट ध्येय दुसरं मिळणार नाही.

हे काम हाती घेतलेली माणसं आपल्यात आहेत. महाराष्ट्रातून आलेले अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये मांडणी सुरू केली आणि पुढे मद्रासच्या गुरुकुलमध्ये दलित ईश्वरविज्ञानाचा विभाग सांभाळला. त्यांनी अनुवादाच्या पुस्तकातली जुनी कबुली घेतली, ज्यात इस्राएल लोक आपल्या भटक्या पूर्वजाची आठवण सांगतात. निर्मळ म्हणाले, आपणही आपल्या पूर्वजांची आठवण तशीच कबुली म्हणून सांगितली पाहिजे. पूर्वजांची लाज झाकून ठेवणाऱ्याला ध्येय सापडत नाही. आणि इकडे मदुराईत थिओफिलस अप्पावू यांनी पराईचा ताल आणि गावची चाल उपासनेत आणली, एकाच भांड्यात शिजवून सगळ्यांनी एकत्र जेवायचं हाच प्रभुभोजनाचा अर्थ म्हणून शिकवला.

तिरुवैयारु हे त्यागराजांचं गाव. कुणी कुठे बसून गायचं, हा वाद इथेही झालाय. त्यागराजांच्या समाधीसमोर बायकांना गायची मुभा नव्हती. ज्या बंगळुरू नागरत्नम्मांनी स्वतःचा पैसा ओतून त्या समाधीची वास्तू उभी केली, त्या देवदासी होत्या आणि त्यांनाही ती मुभा नव्हती. त्यांनी बायकांना गोळा करून आपली आराधना उभी केली. मुभा मिळायची वाट त्या बघत बसल्या नाहीत.

आता एक कठीण गोष्ट. १९५०च्या राष्ट्रपती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर आहेत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्यात जागा मिळाली. मद्रासच्या सूसै या चांभारकाम करणाऱ्या माणसाचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. १९८५ मध्ये कोर्टाने म्हटलं की धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितकाच राहतो हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर नाही. मित्रांनो, पुरावा कुठे आहे? इथून दीडेक तासाच्या वाटेवर तिरुचिरापल्लीत, मेलपुदूरच्या कॅथलिक स्मशानभूमीत, दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत घातली गेली. तेव्हाच्या विल्लुपुरम जिल्ह्यातल्या एरैयूरला २००८ मध्ये दलित कॅथलिकांनी वेगळ्या पॅरिशची मागणी केली, तेव्हा हिंसा झाली, गोळीबार झाला. आपण कोर्टात म्हणतो, ‘आमच्यात जात आहे, सवलत द्या’. रविवारी म्हणतो, ‘आमच्यात जात नाही, विषय काढू नका’. ही दोन्ही वाक्यं एका तोंडात राहू शकत नाहीत. २०१६ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या धोरणात चर्चमधली अस्पृश्यता लेखी कबूल केली. कबुलीनंतर पश्चात्ताप असतो, आणि पश्चात्ताप म्हणजे भिंत पाडणं.

आणि चर्चच्या भिंतीबाहेरचंही बघा. १९६८च्या २५ डिसेंबरच्या रात्री, तेव्हाच्या याच तंजावर जिल्ह्यात, कीळवेणमणीला ४४ दलित माणसं झोपडीत जाळून मारली. मजुरीत थोडी वाढ मागितली म्हणून. नाताळची रात्र होती. ती तारीख आपल्या उपासनेत येत नसेल, तर आपण कुणाच्या जन्माची गाणी गातो?

म्हणून घरी जाताना ध्येयाचा फॉर्म भरू नका. आपल्या मंडळीतल्या चार जागा बघा. बाक: कोण कुठे बसतं? प्याला: कुणाच्या हातून कोण घेतं? कमिटी आणि पुलपिट: चाळीस वर्षांत कुठल्या घरांतली नावं आली, कुठल्या घरांतली कधीच आली नाहीत? स्मशानभूमी: कोण कुणाशेजारी पुरलं जातं? हे लिहून काढा, तारखेसकट, साक्षीदारांसकट. हे लिहिलेलं मंडळीच्या वार्षिक सभेत उपयोगी पडेल आणि कोर्टातही. पाळकांना भेटा, आदराने बोला, पण उत्तर मिळेपर्यंत उठू नका. ज्या घरी तुमच्या आईवडिलांनी कधी पाणी घेतलं नाही, त्या घरी जेवायला जा आणि त्यांना आपल्या घरी बोलवा. वरच्या जातीतून आलेल्या ख्रिस्ती मित्रांना माझं सांगणं एवढंच: पेत्र एकदा पंगतीतून उठला होता. तुम्ही बसून राहा.

राजनायक्कनला जी दृष्टी मिळाली ती खरी होती. त्याच्या हातची भाकर घ्यायचं काम मंडळीने अजून पुरं केलेलं नाही. ते करायचं आहे.

जय भीम.