ओल्या पायाने निवडलेली फरशी



आज संध्याकाळी तुम्ही इथे चालत आलात तेव्हा वाटेत वाळूचे ढीग, विटांच्या रांगा आणि सिमेंटच्या गोण्या ओलांडूनच आला असाल. पाऊस लागण्याआधी घर उरकायचे, ही आपल्याकडची उन्हाळ्याची घाई. जोते झाले, भिंती झाल्या, छत झाले की शेवटी फरशी येते. तोवर हातातला पैसा संपत आलेला असतो आणि जीव थकलेला असतो. मग तुमसरच्या किंवा बालाघाटच्या दुकानात जाऊन, दिव्यांच्या झगमगाटात जी फरशी सर्वांत जास्त चमकते ती आपण गाडीत भरून आणतो. घराच्या ज्या भागाला आपला पाय रोज लागणार आहे, त्याची निवड अर्ध्या तासात होते. तीस वर्षे घरांच्या कामांवर उभा राहिल्यावर मला याची काळजी वाटू लागली आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

आपल्या जुन्या घरांची भुई शेणाने सारवलेली असायची. वर कवेलूंचे छप्पर, पुढे सपरी, अंगणात सडा आणि रांगोळी. त्या भुईला कष्ट फार होते, आठवड्याला सारवण करावे लागे आणि ते बायकांच्या वाट्याला येई. पण ती भुई उन्हाळ्यात गार राही आणि तिच्यावर पाय घसरत नसे. नंतर सिमेंटचा कोबा आला. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्याकडे कर्नाटकातली शहाबादी फरशी आणि आंध्रातला काळा कडप्पा आला. या साऱ्यांचा पृष्ठभाग थोडा खरखरीत असे. चमक नव्हती, पण पकड होती.

नक्षीची हौस आपल्याला तेव्हाही होतीच. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मोठ्या इमारतींसाठी नक्षीदार फरश्या जहाजाने ब्रिटनमधून येत. 1922 साली, स्वदेशीच्या भरात, मुंबईच्या सिधवा कुटुंबाने ‘भारत फ्लोअरिंग्ज’ ही कंपनी काढली आणि उरणला सिमेंटच्या नक्षीदार फरश्या बनू लागल्या. या फरशीला भट्टी लागत नाही. धातूच्या साच्यात नक्षीचे कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात वेगळ्या रंगाचे पातळ सिमेंट ओततात, कप्प्यांची जाळी अलगद उचलतात, मागे वाळू-सिमेंटचा थर देतात आणि दाबयंत्राखाली दाबतात. मग ती पाण्यात मुरते. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो, म्हणून पन्नास वर्षे पाय घासले तरी नक्षी पुसली जात नाही, उलट वापराने तिला मऊ तकाकी येते. आज आपल्या दुकानातली बहुतेक फरशी गुजरातच्या मोरबीहून येते. तिथे फरशीवर यंत्राने चित्र छापतात आणि मग ती भाजतात. लाकूड म्हणा, संगमरवर म्हणा, हवे ते छापून मिळते. स्वस्त झाली, गावोगावी पोहोचली, हे चांगलेच झाले. पण छापलेले सौंदर्य आणि पायाची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण विसरलो.

मी स्वतः विसरलो होतो. माझ्या घराच्या सपरीत मी आरशासारखी गुळगुळीत पांढरी फरशी बसवली. आल्यागेल्याने कौतुक केले. त्याच पावसाळ्यात माझी माय धानाच्या रोवणीहून परतली. पायाला बांधीतला चिखल होता. नळावर पाय धुऊन ती सपरीत चढली आणि दुसऱ्याच पावलाला पडली. खुब्याचे हाड मोडले. ती पुन्हा बांधीत उतरली नाही. त्या दिवसापासून कोणतीही फरशी मी आधी ओली करून पाहतो.

ती का पडली, हे नीट समजून घ्या. गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर तळपाय आणि फरशी यांच्या मध्ये अडकतो. त्याला निसटायला खाचखळगे नसतात. त्यात आपल्या धानाच्या बांधीची बारीक चिकणमाती मिसळली की ती वंगणाचे काम करते. खरखरीत, म्हणजे मॅट फरशीवर हेच पाणी बारीक खळग्यांत जाते आणि पाय टेकतो. काही कंपन्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ‘आर 9’ ते ‘आर 13’ असा आकडा देतात. आकडा जितका मोठा, तितकी पकड जास्त. आतल्या कोरड्या खोलीला आर 9 चालेल. सपरी, न्हाणीघर आणि पायऱ्यांसाठी आर 11 मागा.

दुसरा आकडा पाणी शोषण्याचा. व्हिट्रिफाइड फरशी आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही, म्हणून ती घट्ट आणि टणक असते. भिंतीची सिरॅमिक टाईल दहा टक्क्यांहूनही जास्त पिते. ती भिंतीवर उत्तम बसते, पण नाजूक असते. स्वस्त मिळाली म्हणून भिंतीची टाईल जमिनीवर घालू नका. धानाचे पोते आपटले की तिचे तुकडे होतील.

मग हौसेचे काय? हौस हवीच. मी म्हणेन, नक्षीला भिंतीवर जागा द्या. पणजीच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या दालनात 1935 साली बसवलेल्या निळ्या चित्रटाईल आहेत. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने त्यांवर कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवले. त्या साऱ्या भिंतीवर आहेत, पायाखाली एकही नाही. पोर्तुगालच्या जुन्या टाईलांत निळ्याच्या जोडीला जांभळट-तपकिरी रंग दिसतो, तो मँगनीजचा. मँगनीज आपल्याच तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथल्या खाणींतून निघते. ज्या मातीवर आपण उभे आहोत, तिच्यात रंग आहेत.

आपल्या घरात नक्षीला शोभणाऱ्या जागा मोजक्या आहेत: स्वयंपाकाच्या ओट्यामागची भिंत, देवघर, तुळशीवृंदावनाच्या चारही बाजू, जिन्याच्या पायरीची उभी बाजू. ओट्यामागे नक्षी असली तर फोडणीचे डागही सहज पुसले जातात. वृंदावनाला वीस-पंचवीस नक्षीदार टाईल पुरतात. घरकुल योजनेचे घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे साधारण 270 चौरस फुटांचे, आणि अनुदान बेताचे. त्यात सगळीकडे महाग फरशी परवडत नाही. जमिनीला साधी मॅट फरशी घ्या आणि वाचलेल्या पैशात एक भिंत मनासारखी सजवा.

आता बसवण्याकडे येऊ, कारण चांगली फरशीही वाईट बसवली तर वाया जाते. आपल्याकडे कारागीर आसपासचेही येतात, दूरचेही. त्यांच्या हातात कसब आहे. घाई बहुधा आपलीच असते. मुरूम पाणी मारून नीट ठोकलेला नसेल तर दोन पावसाळ्यांत जमीन खचते. वाळू चाळून घ्या. न्हाणीघरात मोरीकडे उतार दर मीटरला 12 मिलिमीटरच्या आसपास हवा. पाच फुटांच्या न्हाणीत तो पाऊण इंच होतो. फरशी चिकटवण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते ते स्वतः पाहा.

व्हिट्रिफाइड फरशी फारसे पाणी पीत नाही, म्हणून नुसती सिमेंटची राबडी तिच्या पाठीला धरत नाही. तिला टाईल चिकटवण्याचा मसाला लागतो. आयएस 15477 हे त्याचे भारतीय मानक, ते गोणीवर पाहून घ्या. फरशीच्या पाठीला पाच ठिपके लावून ती दाबण्याची पद्धत बंद करा. मधल्या पोकळीवर वजन पडले की फरशी फुटते. काम झाल्यावर नाण्याने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर ती फरशी त्याच दिवशी काढून पुन्हा बसवून घ्या.

सांध्याचा मुद्दा आपल्या हवेत फार महत्त्वाचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. पाच मीटर लांबीच्या खोलीत तीस अंशांच्या फरकाने फरशी सुमारे एक मिलिमीटर वाढते. एकीला एक घट्ट चिकटवलेल्या फरशांना वाढायला जागा नसेल तर त्या मधोमध फुगून उठतात. म्हणून दोन फरशांत दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवा, आणि भिंतीलगत बोटाच्या जाडीची फट सोडून ती पट्टीने झाका. गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाईलांचे तुकडे बसवले तर ऊन परतते आणि खालची खोली कमी तापते. दुकानात फुटलेला मालही असा उपयोगी पडतो.

हिशेब सोपा आहे. दहा बाय बारा फुटांची खोली 120 चौरस फुटांची. दोन बाय दोनच्या फरश्या तीस लागतात, काटछाटीसाठी तीन जास्त धरा. सगळ्या खोक्यांवर एकच बॅच क्रमांक असू द्या, नाहीतर रंगात फरक दिसतो. दोन फरश्या माळ्यावर जपून ठेवा, दहा वर्षांनी तीच नक्षी बाजारात मिळत नाही.

श्रोतेहो, शेवटी एकच मागणे आहे. दुकानातून आधी फक्त एक नमुना घरी आणा. तो अंगणात ठेवा, त्यावर तांब्याभर पाणी ओता, चिमूटभर बांधीतली माती टाका. मग घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला, हात धरून, अनवाणी त्यावर उभे करा. ते माणूस जे सांगेल, तीच फरशी घ्या.