जड माशीची फेक

आपल्याकडच्या गळाला शिशाचा गोळा असतो. तो भिरकावला की दोरा मुकाट मागून जातो. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलटं. तिथे वजन जाड दोरीत, आणि पिसा-केसांची बांधलेली नकली माशी तिच्यामागून नुसती तरंगत जाते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना नदीवर १९८७च्या सुमारास बॉब क्लाउझर यांनी स्मॉलमाउथ बास या माशासाठी शिशाचे डोळे लावलेली माशी बांधली. ती झपकन बुडते, ओढली की वर उसळते; मासा तुटून पडतो. पण फेकताना हीच माशी दोरीचं ऐकेनाशी होते. मागे गेलेली दोरी सरळ होताच हिसका बसतो आणि पुढे येताना माशी काठीच्या टोकावर, नाहीतर फेकणाऱ्याच्या मानेवर आदळते. टोपी आणि चष्मा हवाच. डोळ्यात गळ जाणं ही थट्टा नव्हे.

अशा वेळी बहुतेक जण जोर वाढवतात. नेमकं तेच करू नये. बुडालेली माशी आधी पाण्याच्या वर आणावी. मग काठी मागे नेताना आडवी, पुढे आणताना उभी, अशी लंबगोल आणि सावकाश फिरवावी. दोरी ताणलेली राहते, हिसका बसत नाही. याला बेल्जियन कास्ट म्हणतात. दोरी एक नंबर जड, टोकाचा बारीक दोरा आखूड, हवेतल्या फेऱ्या कमी. आणि उजव्या हाताने फेकणाऱ्याला उजवीकडून जोराचा वारा लागत असेल, तर माझ्या मते जड माशी त्या दिवशी डबीतच बरी.