‘अस्तु’ या चित्रपटाविषयीं
(महोत्सवानिमित्त मोडनिंब येथें वडील मंडळींच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मगुरूनें पूर्वेतिहास सांगावा अशी रीत आहे. तें काम माझ्याहून अधिक माहितगार माणसें करतील. मी आज एका चित्रपटाविषयीं बोलणार आहें. ऐकून कोणाच्या भुंवया उंचावल्या असतील तर माझी हरकत नाहीं.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट २०१३ सालचा. चक्रपाणि शास्त्री हे संस्कृतचे गाढे पंडित. वार्धक्यांत त्यांची स्मृति ढांसळत चालली आहे. एके दिवशीं त्यांची कन्या इरा त्यांना मोटारींत बसवून क्षणभर बाजूला जाते. रस्त्यानें हत्ती चाललेला असतो, आणि शास्त्रीबोवा लहान मुलाप्रमाणें त्याच्या मागें निघून जातात. इकडे घरच्यांची शोधाशोध सुरू होते; तिकडे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना आपल्या लेकराप्रमाणें संभाळते. त्यांचें नांव तिला ठाऊक नाहीं, विद्वत्ता तर नाहींच. तिच्या बोलण्यांत कानडी मिसळलेली आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या कानांना ती परकी वाटणार नाहीं. आणि एवढा मोठा पंडित तिला ‘आई’ म्हणून हांक मारूं लागतो!

शास्त्रीबोवांचें काम डॉ. मोहन आगाशे यांनीं केलें आहे. ते स्वतः मानसरोगांचे वैद्य असल्यामुळें त्यांच्या अभिनयांत अतिशयोक्ति नाहीं. चन्नम्मा झालेल्या अमृता सुभाष यांना, तसेंच संवादांबद्दल सुमित्राबाईंना, राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. सुमित्राबाई २०२१ सालीं पुण्यास निवर्तल्या.

या व्याधीचें वर्णन आलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं प्रथम केलें. तींत बहुधा ताजी आठवण आधीं जाते आणि जुनी मागाहून. आपण सकाळीं जेवलों कीं नाहीं हें म्हाताऱ्यास सांगतां येत नाहीं, परंतु बाळपणींचें पाठांतर तो घडाघडा म्हणतो. त्यामुळें घरच्यांना वाटतें, हा सोंग करतो. तें सोंग नव्हे. गेलेली स्मृति परत आणील असें औषध अद्यापि निघालेलें नाहीं.

अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाचा ‘इकिरू’ म्हणून १९५२ सालचा चित्रपट आहे. त्या शब्दाचा अर्थ ‘जगणें’. कचेरींत जन्मभर कागदांवर शिक्के मारणाऱ्या वातानाबे नांवाच्या अधिकाऱ्यास पोटाचा कर्करोग झाल्याचें कळतें, आणि उरलेल्या दिवसांत तो एका दलदलीच्या जागीं मुलांसाठीं क्रीडांगण करवून घेतो. शेवटीं बर्फ पडत असतां त्याच क्रीडांगणांतील झोंक्यावर त्याचा अंत होतो. ही कथा मी प्रवचनांत अनेकदां सांगितली आहे: दिवस थोडे उरले, तर ते सत्कारणीं लावा. परंतु ज्याला दिवस थोडे उरले हेंच उमगत नाहीं, त्यानें काय करावें? त्याच्या आयुष्याचा अर्थ कोणी शोधावयाचा? माझ्या प्रवचनांत त्याला जागाच नव्हती.

मनुष्य म्हणूनही मी त्याला जागा दिली नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका गांवीं, मी एका वृद्धाकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलों होतों. त्यांनीं मला ओळखलें नाहीं, “आपण कोण?” असें चारदां विचारलें. मी त्यांच्यासमोरच सुनेला म्हणालों, “यांना आतां कांहीं कळत नाहीं.” ती म्हणाली, “त्यांना कळत नसेल, फादर, पण मला कळतंय ना.” मग तिनें पदरानें त्यांचें तोंड पुसलें आणि मी कोण तें पांचव्यांदा, त्याच शांत सुरांत, त्यांना सांगितलें. मी घाईनें आशीर्वाद देऊन निघालों, आणि ते वारेपर्यंत पुन्हां त्या घरीं गेलों नाहीं.

आपण प्रत्येक प्रार्थनेअखेर ‘आमेन’ म्हणतों. त्याचा अर्थ ‘तसें होवो’, संस्कृतांत ‘अस्तु’. बाप आपल्याला ओळखीत नाहीं, तरी तो बापच, असें म्हणणें ही त्या सुनेची ‘आमेन’ होती. वेदीपाशीं उभें राहून मला ती तितकी साधलेली नाहीं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतों. चित्रपट पाहून पुष्कळ लोक चन्नम्मेची वाहवा करतील आणि इरेला नांवें ठेवतील. मी इरेच्या बाजूचा आहें. पाहुण्या म्हाताऱ्यावर थोडा काळ माया करणें थोरच. परंतु वर्षानुवर्षें रात्रीं दहादां उठणें निराळें. अशी माणसें चिडतात, रडतात. त्यांना पाप लागतें असें मला वाटत नाहीं.

आपल्या गांवाजवळून पुणें-सोलापूर हमरस्ता जातो आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गही. येथें हत्तीची जरूर नाहीं. कातरवेळीं बाहेर पडलेला म्हातारा कोठेंही जाऊं शकेल. म्हणून त्याच्या खिशांत नांव, गांव व दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवावें. लाज धरूं नये. कोंडून तर मुळींच ठेवूं नये.

येत्या रविवारीं सायंकाळीं सभागृहांत हा चित्रपट दाखविण्याचें योजिलें आहे. ज्यांना तो पाहणें सर्वांत जरूरीचें आहे त्यांनाच घर सोडतां येणार नाहीं, हें मला ठाऊक आहे. त्यांनीं शनिवारपर्यंत मला कळवावें. दोघे तरुण त्यांच्या घरीं येऊन बसतील. आणि एका घरीं मी स्वतः बसेन.