ओळी, रकाने आणि स्तंभ



शाळेच्या भिंतीवर परीक्षेच्या निकालाचा कागद लागला की त्याच्याभोवती गर्दी जमे. पुढे उभा असलेला विद्यार्थी कागदावरून बोट फिरवीत असे आणि मागचे त्याच्या खांद्यावरून डोकावत. यादी क्रमाने लिहिलेली असेल तर बोट थेट योग्य जागी जाई. ती तशी नसेल तर प्रत्येकाला पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सारा कागद वाचावा लागे, आणि एखादा उत्तीर्ण विद्यार्थीही आपले नाव नाही असे समजून घरी परतण्याची शक्यता असे. यादीत नाव असणे आणि ते सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आज बहुतेक याद्या संगणकाच्या किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर पाहावयास मिळतात; परंतु हा भेद मात्र नाहीसा झालेला नाही. संगणकाच्या साठ्यातून मागविलेली माहिती पानावर स्तंभांत कशी मांडावी, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे.

मांडणीचा हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आलेला नाही. आपल्याकडील व्यापारी पिढ्यान् पिढ्या दोन वह्या ठेवीत आले. कीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमाने उतरविले जात. खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर चढविले जात. कीर्द आणि खतावणी यांतील रकमा एकच असतात, पण त्या दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ‘काल काय घडले?’ हे कीर्द सांगते. ‘अमक्याकडे किती येणे आहे?’ हे खतावणी सांगते. म्हणजे माहितीची मांडणी ही विचारणाऱ्याच्या प्रश्नावरून ठरते, माहितीवरून नव्हे.

संगणकशास्त्रात या तत्त्वाला काटेकोर गणिती रूप दिले ते एडगर कॉड यांनी. आयबीएम या कंपनीच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेत ते संशोधन करीत होते. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की, माहिती कोष्टकांच्या रूपाने साठवावी आणि ती वापरणाऱ्याला यंत्रात ती कोठे व कशी ठेवली आहे याची चिंता करण्याचे कारण पडू नये. अशा कोष्टकातील प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद, आणि प्रत्येक रकाना म्हणजे त्या नोंदीचा एक गुणधर्म: नाव, गाव, वय इत्यादी. पुढे १९७४ साली डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा कोष्टकांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा मांडली. तिचेच पुढचे रूप आज ‘एसक्यूएल’ या नावाने जगभर वापरात आहे.

कॉड यांच्या कल्पनेतील एक बाब नवशिक्याच्या ध्यानात सहसा राहत नाही. त्यांच्या दृष्टीने कोष्टक हा नोंदींचा संच आहे, आणि संचाला क्रम नसतो. पोत्यातील धान्याच्या दाण्यांत पहिला कोण आणि दुसरा कोण हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे. प्रश्नातच ‘नावाच्या क्रमाने’ अशी अट घातली नसेल, तर उत्तर कोणत्याही क्रमाने येऊ शकते. आज ते योगायोगाने सुरेख क्रमाने येईल; उद्या साठ्यात थोडी भर पडताच तो क्रम मोडेल. म्हणून स्तंभांची आखणी करण्यापूर्वी क्रम मागून घेणे ही पहिली पायरी होय.

येथे रकाना आणि स्तंभ यांतील फरकही स्पष्ट केला पाहिजे. रकाना हा माहितीचा भाग आहे. त्याला अर्थ असतो. वयाच्या रकान्यात गावाचे नाव लिहिता येत नाही. स्तंभ हा पानाचा भाग आहे. त्याला स्वतःचा अर्थ नसतो. शब्दकोशाचे पान दोन स्तंभांत छापलेले असते ते जागा वाचावी व डोळ्यांना ओळ लहान पडावी म्हणून. डाव्या स्तंभातील शब्द उजव्या स्तंभातील शब्दांहून वेगळ्या जातीचे असतात म्हणून नव्हे. अनेक पाने वाचण्यास कठीण होतात ती या दोहोंची गल्लत झाल्यामुळे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घ्यावे. भारतात आज २८ घटक राज्ये आहेत. साठ्याला त्यांची नावे मराठी वर्णक्रमाने मागितली, तर अरुणाचल प्रदेश, आंध्र प्रदेश, आसाम येथून आरंभ होऊन हिमाचल प्रदेशापाशी यादी संपते. ही एकच लांब ओळंब पानावर उतरविली तर उजवीकडची सारी जागा मोकळी राहते. म्हणून तिचे चार स्तंभ करावयाचे आहेत. हे दोन रीतींनी करता येते.

पहिली रीत आडवी. नावे डावीकडून उजवीकडे मांडीत जावे. चार नावे झाली की नवी ओळ सुरू करावी. संगणकाला हे सांगणे फार सोपे असते: नावांची मोजणी ठेवावी आणि चाराने निःशेष भाग जाणारा अंक आला की ओळ बंद करावी. पहिल्या ओळीत अरुणाचल प्रदेश, आंध्र प्रदेश, आसाम आणि उत्तर प्रदेश येतात.

दुसरी रीत उभी. एक स्तंभ वरून खालपर्यंत भरावा आणि मग पुढचा घ्यावा. २८ ला ४ ने भागले असता ७ येतात. म्हणून प्रत्येक स्तंभात सात नावे बसतात. पहिला स्तंभ अरुणाचल प्रदेशापासून, दुसरा केरळपासून, तिसरा त्रिपुरापासून आणि चौथा महाराष्ट्रापासून सुरू होतो. वर्णक्रमाने शोधणाऱ्याला ही रीत सोयीची वाटते. कारण स्तंभांची केवळ पहिली नावे पाहून आपले नाव कोणत्या स्तंभात असेल हे त्याला समजते. शब्दकोश याच रीतीने छापले जातात.

भागाकार निःशेष न जाणाऱ्या ठिकाणी मात्र सावधगिरी हवी. तीन स्तंभ करावयाचे असतील तर २८ भागिले ३ यात ९ येऊन १ उरतो. अशा वेळी भागाकार वरच्या पूर्णांकापर्यंत, म्हणजे १० पर्यंत, वाढवावा असा साधा नियम सांगितला जातो. त्याप्रमाणे १०, १० आणि ८ अशी वाटणी होते आणि ती शोभते. परंतु हाच नियम आठ स्तंभांना लावून पाहावा. २८ भागिले ८ म्हणजे साडेतीन. वरचा पूर्णांक ४. चार-चार नावांनी सात स्तंभ भरतात आणि आठवा स्तंभ रिकामाच राहतो! येथे न्याय्य वाटणी वेगळी आहे: प्रत्येक स्तंभाला तीन नावे द्यावीत आणि उरलेली चार नावे पहिल्या चार स्तंभांना एकेक वाटून द्यावीत. जेवणाच्या पंगतीत वाढणारा प्रथम सर्वांना सारखे वाढतो आणि मग उरलेले पहिल्या पानापासून फिरवितो, तशीच ही रीत आहे.

मग उभी रीत सर्वत्र श्रेष्ठ म्हणावी काय? तसेही नाही. छापील पानाला तळ असतो आणि तो वाचकाच्या दृष्टीच्या टप्प्यात असतो. पडद्यावरील पानाला तसा तळ नाही. तीनशे नावांचे तीन स्तंभ केले तर वाचकाला शंभर नावे खाली उतरावे लागते, पुन्हा वर चढावे लागते, आणि हे असे तीनदा. अशा वेळी यादीचे वर्णाक्षरांनुसार लहान गट पाडून प्रत्येक गट स्वतंत्रपणे उभा मांडणे हिताचे ठरते. जेथे गुणवत्तेचा किंवा काळाचा क्रम महत्त्वाचा असतो, तेथे आडवी रीतच बरी. कारण पहिली चार नावे वरच्याच ओळीत दिसतात.

क्रम म्हणजे तरी कोणाचा क्रम, हा प्रश्नही भारतीय भाषांच्या बाबतीत उपस्थित होतो. मराठी मुळाक्षरांत ळ, क्ष आणि ज्ञ ही अक्षरे ह नंतर शिकविली जातात. जगातील लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यात देवनागरी अक्षरांना जे क्रमांक मिळाले, त्यांत ळ हे अक्षर ल च्या लगेच मागोमाग, व च्या आधी येते. आणि क्ष हे एक अक्षर नसून क ला जोडलेला ष मानला जातो. संगणकाने केवळ या क्रमांकांवर विसंबून यादी लावली, तर क्षीरसागर हे आडनाव क च्या नावांनंतर आणि खरे या आडनावाच्या आधी जाऊन बसते. यादीच्या शेवटी पाहणाऱ्या मराठी वाचकाला ते तेथे सापडत नाही. यावर उपाय आहे: प्रत्येक भाषेचे क्रमाचे नियम संगणकाला वेगळे सांगता येतात. मात्र ते कोणीतरी आठवणीने सांगावे लागतात.

स्तंभ पाडण्याचे काम कोणी करावे, यावर दीर्घकाळ मतभेद होते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत १९८९ साली ज्या जाळ्याची योजना मांडली, त्यातील आरंभीची पाने म्हणजे वरून खाली वाहणारा मजकूर होता. नव्वदीच्या दशकात पानावर कोष्टक काढण्याची सोय झाली आणि रचनाकारांनी तिचा उपयोग पानाची आखणी करण्यासाठी सर्रास सुरू केला. अर्थ नसलेल्या स्तंभांना अर्थ असलेल्या रकान्यांचे रूप मिळाले ते येथे. होकन विउम ली यांनी १९९४ साली निराळा मार्ग सुचविला: मजकूर एका ठिकाणी असावा आणि त्याचे रूप ठरविणारे नियम दुसऱ्या ठिकाणी असावेत. या नियमांची पहिली संहिता १९९६ च्या डिसेंबरात मान्य झाली. २०१७ पासून प्रमुख न्याहाळकांत जाळीदार आखणीचीही सोय आली. आज साठ्याने क्रम द्यावा, कार्यक्रमाने यादी लिहावी आणि स्तंभ शैलीच्या नियमांनी पाडावेत, अशी श्रमविभागणी रूढ आहे. त्यामुळे तीच यादी रुंद पडद्यावर चार स्तंभांत आणि हातातील दूरध्वनीवर एकाच स्तंभात, मूळ मजकुराला धक्का न लावता दाखविता येते.

या विभागणीचे खरे महत्त्व डोळ्यांनी न वाचणाऱ्याला अधिक जाणवते. अंध व्यक्ती पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या साह्याने पान ऐकते, आणि हे साधन मजकूर ज्या क्रमाने लिहिला आहे त्याच क्रमाने वाचते. राज्यांची यादी उभ्या रीतीने दिसावी म्हणून ती कोष्टकाच्या चौकटींत भरली असेल, तर ऐकणाऱ्याला प्रथम अरुणाचल प्रदेश, केरळ, त्रिपुरा, महाराष्ट्र अशी नावे ऐकू येतात. मग आंध्र प्रदेश, गोवा नव्हे तर गुजरात, नागालँड, मिझोराम. डोळस वाचकाला जो क्रम स्पष्ट दिसतो, त्याचा मागमूसही उरत नाही. १९९९ सालच्या मे महिन्यात प्रसिद्ध झालेल्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी याच कारणास्तव असा इशारा दिला की, सरळ ओळीने वाचले असता अर्थ लागत नसेल, तर आखणीसाठी कोष्टके वापरू नयेत.

यादीतील एका रकान्यामुळे माणसे कशी हरवतात याचा मोठा धडा भारताने संगणकाच्या कितीतरी आधी घेतला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदारयाद्या तयार होत असताना अनेक स्त्रियांनी अनोळखी नोंदणाऱ्याला आपले नाव सांगितले नाही. नावाच्या रकान्यात ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘अमक्याची मुलगी’ अशी नोंद झाली. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या राज्यांत हे प्रमाण विशेष होते. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या कारकिर्दीत अशा नोंदी दुरुस्त करण्याचे प्रयत्न झाले; तरीही देशातील सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांच्या नोंदी अखेर वगळाव्या लागल्या. ओळ होती, पण तिच्यातील एक रकाना खऱ्या अर्थाने रिकामा होता. आणि त्यामुळे ती व्यक्ती मतदानाला मुकली.

हे उदाहरण आखणीच्या प्रश्नाहून गंभीर आहे, हे उघड आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच कर्तव्य आहे. यादी करणाऱ्याचे काम नोंदी गोळा करून संपत नाही. ज्याचे नाव यादीत आहे, त्याला ते स्वतःच्या भाषेच्या क्रमाने, स्वतःच्या पडद्यावर, डोळ्यांनी अथवा कानांनी शोधता आले पाहिजे. चार स्तंभ करावेत की तीन, हे ठरविण्यापूर्वी ती यादी कोण आणि कशासाठी शोधणार आहे, एवढे विचारून घेतले तर बाकीचा हिशेब भागाकाराचा आहे. आणि भागाकार शाळेतच शिकविलेला असतो.