आधी अर्थिंग, मग गाडी

मैत्रिणींनो, आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका बचत गटातल्या. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा. फक्त बोलणं संपलं की एकदा उठून भिंतीवरच्या लाईटच्या बोर्डाकडं बघायचं आहे. का, ते पुढं सांगतो.

गोष्ट सुरू झाली एका कर्जाच्या अर्जावरून. आमच्या गटात आम्ही अकरा जणी. त्यातली एक पशुसखी आहे. चार गावांतल्या शेळ्यांचं लसीकरण, जंताचं औषध, कुणाची शेळी अडली तर रात्रीबेरात्री जाणं, ही तिची कामं. लसीचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन ती कधी काळीपिवळीत बसते, कधी दिराच्या मागं. तिनं बैठकीत अर्ज दिला : इलेक्ट्रिक स्कूटीसाठी साठ हजार रुपये कर्ज पाहिजे, वरचे पैसे माझे मी घालते.

बैठकीत एकच गलका झाला. "आगं, लाईट गेली तर गाडी खुट्याला बांधायची का?" "बिल किती येईल, इचारलंस का?" "त्या बॅटऱ्या फुटतात म्हणं." "पाच वर्षांनी बॅटरी गेली की भंगार." आणि एक आक्का म्हणाल्या, "घरात चूल हाय, गॅस हाय, आता त्यात ही बला कशाला?"

पशुसखी शांतपणे म्हणाली, "पेट्रोलला दर खेपेला घरात पैसे मागावे लागतात. कुठं चाललीस, कशाला चाललीस, सगळं सांगावं लागतं. लाईटबिल तर महिन्याला घरात भरतातच की." यावर कुणी बोललं नाही, कारण ते दुखणं आम्हा सगळ्यांचंच होतं.

आम्ही त्या दिवशी कर्ज मंजूर केलं नाही, नामंजूरही केलं नाही. सगळ्या शंका वहीत लिहून घेतल्या आणि एक महिना घेतला. त्या महिन्यात जे कळलं, ते आज तुमच्यापुढं मांडतो.

पहिली शंका बिलाची. साध्या स्कूटीची बॅटरी साधारण तीन युनिटची असते. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून साडेतीन युनिट धरा. त्यात गाडी खड्ड्याखुड्ड्यांतून, डबल सीट, सत्तर-ऐंशी किलोमीटर जाते. कंपनी जास्त सांगते, पण तुम्ही एवढंच धरा. आमच्या पशुसखीचं रोजचं फिरणं पंचवीस किलोमीटर, महिन्याला साडेसहाशे. पेट्रोलची गाडी लिटरला पंचेचाळीस जाते आणि लिटर एकशे पाचला मिळतं असं धरलं, तर महिन्याला पंधराशे रुपये. इलेक्ट्रिकला लागतात अठ्ठावीस-तीस युनिट. युनिट बारा रुपयांनी धरा, साडेतीनशे रुपये झाले. तुमच्या बिलावरचा दर वेगळा असेल तर तो घालून हिशेब करा, फरक तरी उरतोच.

यात एक गैरसमज फार आहे. शंभर युनिटच्या वर गेलो की सगळं बिल वाढीव दरानं येतं, असं बायका म्हणतात. तसं नाही. पहिल्या शंभर युनिटला शंभरपर्यंतचाच दर लागतो, वरच्या तेवढ्या युनिटला एकशेएक ते तीनशेचा दर लागतो. आणि घरी आपली गाडी चार्ज करायला वेगळं मीटर किंवा वेगळी परवानगी लागत नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तसं स्पष्ट सांगितलं होतं : घरच्या जोडणीवर घरची गाडी चार्ज करता येते. बिल घरगुती दरानंच येतं. फक्त बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो बघा. स्कूटीचा चार्जर पाऊण ते एक किलोवॅट ओढतो, म्हणजे जवळपास इस्त्रीएवढा. मंजूर भार त्यात बसत नसेल तर आधी अर्ज करून वाढवून घ्या.

दुसरी शंका लाईट जाण्याची. गावठाणात आता शेतीच्या लाईनपेक्षा बऱ्यापैकी जास्त वेळ वीज असते. गाडीला चार-पाच तास लागतात, तेही एका दमात नाही. दोन तास आज, तीन तास उद्या, असं चालतं. पण शेतवस्तीवर राहणाऱ्या मैत्रिणींना आम्ही खरं सांगतो, घाई करू नका. तुमच्या लाईनला किती तास, किती दाबानं वीज येते, ते आठवडाभर लिहून काढा आणि मग ठरवा. आणि मोटारीच्या लाईनवरून, नाहीतर आकडा टाकून गाडी चार्ज करायचा विचारही नको. आकडा ही वीजचोरी आहे. शेतीच्या जोडणीवरची वीज दुसऱ्या कामाला वापरली तरी वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाचं बिल येतं. साडेतीनशे रुपये वाचवायला जाल आणि हजारांत अडकाल.

एका भावजींनी आणखी एक शंका काढली. "वीज तर परळीच्या कोळशाचीच ना? मग धूर इथं नाही, तिथं निघाला." बोलणं खोटं नाही. परळीचं औष्णिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून ते बंद ठेवावं लागलं होतं, हेही आपण पाहिलंय. आम्ही भावजींना म्हटलं, पृथ्वी वाचवायला आम्ही गाडी घेत नाही, शेळीपर्यंत वेळेत पोचायला घेतोय. पुढंमागं छतावर सोलर बसलं तर तो धूरही कमी होईल.

आता तिसरी शंका, आगीची. ही हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत त्याहून वाईट घडलं. स्कूटरची बॅटरी काढून रात्री घरात चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि आठवडाभरात गेला. हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या बैठकीत कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. त्यानंतर सरकारनं बॅटरीच्या तपासणीचे नियम कडक केले. पहिला टप्पा डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा मार्च २०२३ अखेरीपासून लागू झाला. म्हणून त्याआधी बनलेली जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून उचलू नका. बिननंबरची, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत चालणारी, लायसन नको म्हणून विकली जाणारी गाडी घेत असाल, तर बॅटरी कुठली, तपासलेली आहे का, वॉरंटी किती, हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर पायऱ्या उतरा.

पण मैत्रिणींनो, महिना संपायच्या आत आमच्याच गल्लीत जे घडलं, त्यानं आमचा सगळा विचारच बदलला.

गटातल्या एकीच्या मुलानं असली एक छोटी गाडी आधीच आणली होती. तालुक्याच्या दुकानात त्याला सांगितलं होतं, "कुठंही लावा, मोबाइलसारखंच आहे." त्यानं घरातल्या बोर्डातून खिडकीवाटे वायर काढली आणि गोठ्याच्या पत्र्यावरून नेऊन एक्स्टेंशन लावलं. चार्जरची पिन तीन पायांची, बोर्ड दोन भोकांचा. मग काय, तिसरा पाय पक्कडनं तोडला. पंधरा दिवस चाललं. एका पहाटे त्याची आई धार काढायला गेली, पत्र्याच्या खांबाला हात लावला आणि फेकली गेली. नशीब चांगलं, म्हणून आज आमच्यात आहे. खांद्याला मुका मार लागला आणि म्हैस महिनाभर दुधाला आटली. एक्स्टेंशनचा बोर्ड बघितला तर वितळून पापडासारखा वाकडा झालेला.

सगळं गाव म्हणालं, बघा, गाडीनं घात केला. आम्ही परवानाधारक वायरमनला बोलावलं. त्यानं गाडी बघितली, चार्जर बघितला, दोन्ही ठीक. मग घर बघितलं. वायर बल्बपुरती बारीक, तिच्यातून चार-चार तास इस्त्रीएवढा भार ओढलेला. पत्र्याच्या धारेवर वायरची साल घासून निघालेली. आणि घराला अर्थिंगच नाही. वायरमन म्हणाला, "ताई, गाडी नसती तर उद्या कूलरनं हेच केलं असतं."

तिथून आम्ही अकरा जणींची अकरा घरं तपासून घेतली. धड अर्थिंग निघालं तीन घरांत. चार घरांत काहीच नव्हतं. बाकी चार घरांत कुणीतरी शहाणपणा करून अर्थिंगची वायर न्यूट्रललाच जोडलेली. हे फार वाईट. बाहेर कुठं न्यूट्रल तुटला तर फ्रिजच्या, कपाटाच्या पत्र्यात करंट उतरतो. इतकी वर्षं आम्ही कूलरला ओल्या हातानं शिवत होतो आणि शंका घेत होतो गाडीवर.

अर्थिंग म्हणजे काय, तेही सोपं करून सांगतो. पाटाचं पाणी फुटलं तर ते पिकात न शिरता बाजूच्या चारीनं निघून जावं, अशी आपण सोय करतो ना? तसंच फुटलेल्या करंटला आपल्या अंगातून न जाता जमिनीत जायला वाट करून देणं, म्हणजे अर्थिंग. जमिनीत रॉड किंवा प्लेट पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ घालतात. पण ती माती ओली असली तरच वाट चालते. आपल्याकडं फेब्रुवारी संपला की काळ्या रानाला भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डाही वाळतो. म्हणून उन्हाळ्यात आठवड्याला एक कळशी पाणी त्या खड्ड्यात ओतायचं. भांड्यांचं खरकटं काढलेलं पाणीही चालतं, पाण्याची तंगी आम्हाला ठाऊक आहे.

गॅस आला तेव्हाचं आठवतं का? उज्ज्वला योजना २०१६ ची. सुरुवातीला कितीतरी घरांत टाकी नुसती कोपऱ्यात सजवून ठेवली होती, भडका उडेल म्हणून. मग आपण शिकलो. रबरी नळी तपासायची, वास आला की खटका दाबायचा नाही, रात्री रेग्युलेटर बंद करायचा. भीती गेली नाही, पण तिचं सवयीत रूपांतर झालं. चार्जिंगचंही तसंच आहे.

तर आमच्या गटानं केलेले नियम ऐका. गाडीसाठी सोळा अँपिअरचा, तीन भोकांचा वेगळा बोर्ड. मीटरपासून त्याला वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी. त्याच्या जोडीला आरसीसीबी. त्याला जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. करंट फुटला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईट तोडतो. एक्स्टेंशन नाही, पिनचा पाय तोडायचा नाही. चार्जर गाडीबरोबर आलेला तोच वापरायचा. गाडी उन्हातून आली की आधी सावलीत निवू द्यायची, मग लावायची. चार्जिंग ओसरीत किंवा छपरात, कडबा आणि गॅसपासून लांब, आणि घराच्या एकुलत्या एक दारात कधीच नाही. बॅटरी काढता येत असली तरी निजायच्या खोलीत लावायची नाही, सगळे झोपल्यावर तर मुळीच नाही. धूर दिसला तर मेन स्विच हाताशी असेल तरच बंद करायचा, लेकरं घेऊन बाहेर पडायचं आणि ११२ ला फोन लावायचा. गाडी वाचवायला आत जायचं नाही.

हे सगळं बसवायला आमच्याकडं पाच हजारांच्या आसपास खर्च आला. आम्ही ठराव केला : वायरमननं घर तपासून सही केल्याशिवाय गाडीचं कर्ज नाही. आणि ज्या घरांत अर्थिंग नाही, त्यांना गाडी असो नसो, अर्थिंगसाठी गटाच्या बचतीतून वेगळं छोटं कर्ज. पहिलं छोटं कर्ज त्या धारवाल्या ताईंनीच घेतलं.

बॅटरीच्या शंकेचं उत्तर पूर्ण मिळालं नाही, तेही सांगतो. बॅटरी कधीतरी थकणार आणि नवी महाग पडणार. म्हणून पेट्रोलचे महिन्याला जे अकराशे-बाराशे वाचतात, त्यातले पाचशे रुपये वेगळे गटात भरायचे, असं पशुसखीनं लिहून दिलंय. वॉरंटी संपेपर्यंत बॅटरीसाठी काही पैसे तरी जमलेले असतील. त्या अटीवर तिचं कर्ज मंजूर झालं.

परवाच्या बैठकीला ती शेजारच्या गावातून शेळ्यांना लस देऊन आली, काळीपिवळीची वाट न बघता, वेळेच्या आधी. आक्का अजून तिच्या मागं बसत नाहीत. म्हणतात, "एक उन्हाळा जाऊ दे, मग बघू." बघा म्हणलं, बघायलाच पाहिजे. पण आक्कांच्या घरात आता अर्थिंग आहे आणि दर शुक्रवारी त्या खड्ड्यात कळशी ओततात.

तर मैत्रिणींनो, आता हात धुवा, नीट पुसा आणि बोर्डाकडं बघा. तिसरं भोक आहे का? त्याच्या मागं वायर आहे का? हाताळायचं काही नाही, फक्त बघायचं आणि उद्या वायरमनला विचारायचं. गाडी घ्यायची की नाही ते सावकाश ठरवा.